झेडएक्स स्पेक्ट्रम+ दुरुस्ती, नाशिक : प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

१४ जून

शहरातल्या एका शाळेची अडगळीची खोली रिकामी करताना निघालेला झेडएक्स स्पेक्ट्रम+ हा जुना घरगुती संगणक आज टेबलावर आला. सोबत मूळ अडॅप्टर, टीव्हीची वायर आणि ११ कॅसेट. बोर्डावर छापलेला क्रमांक, म्हणजे बोर्डाची आवृत्ती : इश्यू ३बी.

मूळ स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ चा, स्पेक्ट्रम+ ऑक्टोबर १९८४ चा. आतलं इलेक्ट्रॉनिक्स तेच, बदलली ती पेटी आणि कीबोर्ड. ३.५ मेगाहर्ट्झवर चालणारा झेड८०ए प्रोसेसर, १६ केबी रॉम, ४८ केबी रॅम. आपल्याकडे पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने हाच संगणक ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावानं विकला, त्यामुळे महाराष्ट्रात माळ्यावर पडलेले असे संगणक अजून निघतात. ते निघतील तेव्हा या नोंदी कामी याव्यात म्हणून आकड्यांसकट लिहीत आहोत.

संगणक लावून बघितलेला नाही. ‘चालतोय का बघू’ म्हणून जुना अडॅप्टर लावणं हे या संगणकाच्या मरणाचं सगळ्यात मोठं कारण आहे. का, ते २२ जूनच्या नोंदीत.

कामाचे नियम दोनच. जो भाग मेला, तो का मेला हे कळल्याशिवाय नवा बसवायचा नाही. आणि काढलेला प्रत्येक भाग नाव-तारीख लिहून पाकिटात, पेटीसोबतच राहील.

१५ जून

उघडला. कीबोर्डच्या पडद्यापासून (बटणांखालचा पातळ प्लॅस्टिकचा थर) निघालेल्या दोन पट्ट्या, एक ५ रेघांची आणि एक ८ रेघांची, बोर्डावरच्या सॉकेटात खोचलेल्या असतात. वरचं झाकण झटक्यात उचललं की त्या तुटतात. झाकण दोन-तीन इंचच उचलून, पट्टी सॉकेटाच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढायची. आमच्या ८ रेघांच्या पट्टीला घडीवर आधीच भेग होती. चाळीस वर्षांनी ते प्लॅस्टिक कडक होऊन पापडासारखं मोडतं. नवा पडदा मागवावा लागणार. आजही तो नव्यानं बनवून विकला जातो, ही मोठी सोय.

बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो, आडव्या उजेडात. धूळ मऊ ब्रशनं, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. पावसाळी हवेत अल्कोहोल उडताना बोर्ड थंड होतो आणि त्यावर दमट हवेतलं पाणी धरतं, म्हणून पुसल्यावर लगेच ४० वॅटच्या बल्बखाली खोक्यात चार तास. बोर्डाचं तापमान ४५ अंशांपलीकडे जाऊ दिलं नाही.

२१ जून

अडॅप्टर. लेबलवर ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअर. पिनच्या आतल्या बाजूला ऋण, बाहेर धन. बाजारातले बहुतेक ९ व्होल्टचे अडॅप्टर याच्या बरोबर उलटे असतात, आणि पिन मात्र तंतोतंत बसते. उलटा लावला तर बोर्डावर वाचवणारा फ्यूज नाही.

मूळ अडॅप्टर नुसता ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटरचा आहे. भार नसताना १३.४ व्होल्ट मोजला. कपॅसिटर सुकलेला, त्यामुळे भाराखाली १०० हर्ट्झची घरघर जवळजवळ ३ व्होल्टची. तो जपून ठेवला. वापरासाठी ९ व्होल्ट २ अँपिअरचा स्थिर अडॅप्टर घेतला, त्याची वायर कापून उलट क्रमानं पिन जोडली आणि ‘आत ऋण’ अशी चिठ्ठी डकवली.

२२ जून

आज वीज न देता फक्त मीटर. इथं जरा सविस्तर, कारण सगळं इथंच आहे.

खालची १६ केबी रॅम म्हणजे ४११६ जातीचे आठ आयसी, आयसी६ ते आयसी१३. आयसी६ डेटाचा ०वा बिट सांभाळतो, आयसी१३ सातवा. या आयसीला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात : पाय ८ ला +१२, पाय ९ ला +५, पाय १ ला −५, आणि पाय १६ ग्राउंड. −५ व्होल्ट आयसीच्या सिलिकॉनच्या तळाला जातो. तो आहे तोवर आतले ट्रान्झिस्टर आपापल्या जागी बंद राहतात. तो नसेल आणि +१२ आला, तर करंट आतून वाट्टेल तसा वाहतो आणि आयसी १२ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये शॉर्ट होऊन बसतो. म्हणून −५ सगळ्यांत आधी यायला आणि सगळ्यांत शेवटी जायला हवा.

स्पेक्ट्रममध्ये +१२ आणि −५ हे दोन्ही एकाच लहान सर्किटातून निघतात. टीआर४ (झेडटीएक्स६५०) आणि टीआर५ (झेडटीएक्स२१३) हे ट्रान्झिस्टर एका कॉइलला चालू-बंद करतात. त्या हेलकाव्यातून +१२ मिळतो, आणि डायोड व कपॅसिटरच्या वाटेनं −५. −५ च्या वाटेवरचा कपॅसिटर सुकला की −५ खचतो. −५ खचला की एखादा ४११६ शॉर्ट होतो, +१२ जमिनीला टेकतो आणि तो भार न पेलून टीआर४ जातो. पुढे कॉइलही जळते. नुसता टीआर४ बदलणारा माणूस दोन सेकंदांत दुसरा टीआर४ घालवतो.

आजची मापं, आयसी६ च्या पायांवर, ग्राउंडशी :
पाय ९ (+५) : १८० ओम. ठीक.
पाय १ (−५) : ३.१ किलोओम. ठीक.
पाय ८ (+१२) : ३.४ ओम. शॉर्ट.

टीआर४ चे तिन्ही पाय सोडवून बाहेर काढला. कलेक्टर-एमिटरमध्ये ०.८ ओम, म्हणजे गेलेला. तो काढल्यावरही पाय ८ वर ३.४ ओमच. म्हणजे रॅमपैकी कोणीतरी आहेच. कॉइलच्या तारेवरचं लाखेचं आवरण नीट, काळं पडलेलं नाही. थोडक्यात निभावलं.

२८ जून

सगळे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर काढून मोजले. बहुतेक १, २२ आणि १०० मायक्रोफॅरडचे. काढायच्या आधी प्रत्येकाची धन बाजू फोटोवर लाल पेननं खूण करून घेतली. बोर्डावरच्या छापावर डोळे मिटून विसंबू नये.

बरेचसे लिहिल्याच्या ७० ते ९० टक्के. −५ च्या वाटेवरचा मात्र लिहिल्याच्या चार टक्केसुद्धा नाही आणि त्याचा अंतर्गत रोध ४० ओमच्या वर. बाहेरून तो अगदी नवा दिसत होता. फुगलेला नाही, गळलेला नाही. वरून बघून कपॅसिटर पास करू नये, याचा याहून चांगला नमुना सापडायचा नाही. पाकिटावर ‘मूळ कारण’ असं लिहून ठेवला.

नवे सगळे १०५ अंशांचे, लांब पायांचे, मूळ जागी आडवे. १०० मायक्रोफॅरडला १६ ऐवजी २५ व्होल्टचा घेतला, आकार तोच येतो.

२९ जून

आठांपैकी शॉर्ट कोण? बेंच पॉवर सप्लायवर १ व्होल्ट आणि ३०० मिलिअँपिअरची मर्यादा लावून +१२ च्या लाइनीत करंट सोडला. एका व्होल्टवर चांगल्या ४११६ ला इजा होत नाही, आणि सगळा करंट शॉर्ट झालेल्यातूनच जातो. ०.३ वॅट उष्णता बोटाला जेमतेम लागते, पण अल्कोहोलला पुरते. आठही आयसींच्या पाठीवर ब्रशनं अल्कोहोलचा पातळ थर दिला आणि तिरप्या उजेडात बघत राहिलो. सात आयसी ओले चमकत होते आणि आयसी८ च्या पाठीवर मधोमध एक कोरडं वर्तुळ उघडत गेलं, डाव्या खाचेकडून थोडं जास्त. वीस सेकंदांत अख्खी पाठ कोरडी. तीनदा केलं, तीनदा आयसी८. म्हणजे डेटाचा २रा बिट.

५ जुलै

आयसी८ काढला. मेलेला आयसी अख्खा काढायच्या नादात बोर्ड घालवू नये. बारीक कटरनं सोळाही पाय आयसीच्या अंगालगत कापले, अंग उचललं, मग एकेक पाय सोल्डरिंग गन ३३० अंशांवर ठेवून चिमट्यानं. आधी प्रत्येक जागी नवं ६०/४० सोल्डर द्यायचं. जुनं सोल्डर मळलेलं असतं, नव्यात मिसळलं की मोकळं होतं. पाय १६ ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेला आहे, तिथं उष्णता पळते. सोल्डर वितळल्याशिवाय ओढलं तर भोकातली तांब्याची नळीच पायासोबत बाहेर येते आणि वरच्या-खालच्या रेघांचा संबंध तुटतो. तिथं ३६० अंश आणि खालून ड्रायरची गरम हवा दिली. भोकं शोषपंपानं साफ, उरलेलं तांब्याच्या वेणीनं.

गोल, कोरीव पायांचं १६ पायांचं सॉकेट बसवलं. पट्टीच्या पायांची स्वस्त सॉकेट दोन पावसाळ्यांत काळी पडतात.

पाय ८ ते ग्राउंड आता ६४० ओम. मोकळा श्वास.

६ जुलै

दिवसभर पाऊस, दुपारपर्यंत लाइट चार वेळा गेली-आली. चालू बोर्डाचं काम अशा दिवशी करायचं नाही. वीज लुकलुकते तेव्हा −५ आधी पडतो की +१२, याची हमी देता येत नाही. इथून पुढे बेंचची वीज यूपीएसवरून.

१२ जुलै

मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, बारा ४११६ आले. १५० नॅनोसेकंदाचे किंवा त्याहून जलद घ्यावेत. आधी अ‍ॅसिटोनचा बोळा पाठीवरून फिरवला. तीन आयसींचा छाप पुसला जाऊन खाली घासलेला पृष्ठभाग दिसला. ते बाजूला. कोणी ‘४१६४ पण चालेल’ म्हणालं तर ऐकू नये. पाय सारखेच सोळा, पण ४१६४ चा पाय ८ फक्त +५ चा आहे आणि या बोर्डावर तिथं +१२ येतो. घातल्या क्षणी जळेल. अख्खी रांग ४१६४ वर नेता येते, पण व्होल्टेजच्या वाटा बदलाव्या लागतात. आम्हाला मूळ रचना राखायची आहे.

उरलेले नऊ तपासायला टेस्टर बनवला. आर्डुइनो ऊनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), +१२ साठी लहान स्टेप-अप मॉड्यूल, −५ साठी आयसीएल७६६० आणि १० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर. −५ च्या पायाला लागणारा करंट इतका किरकोळ असतो की ७६६० ला तो सहज झेपतो. +१२ च्या वाटेत एक ट्रान्झिस्टर स्विच ठेवला. आर्डुइनो आधी −५ मोजतो आणि तो −४.५ च्या पलीकडे गेल्यावरच +१२ सोडतो. ४११६ च्या १२८ ओळी दर २ मिलिसेकंदांत ताज्या कराव्या लागतात, म्हणून तपासणी ओळीओळीनं : लिहा, लगेच वाचा, मधल्या वेळात रिफ्रेशची फेरी. सगळीकडे ०, सगळीकडे १, मग एकाआड एक. शेवटी २ मिलिसेकंद नुसतं थांबून पुन्हा वाचायचं. थकलेला आयसी याच परीक्षेत नापास होतो. नऊपैकी आठ पास.

१३ जुलै

चित्र. मूळ यंत्र टीव्हीच्या ३६व्या यूएचएफ चॅनेलवर सिग्नल देतं. घरात तसा टीव्ही उरला असला तरी चित्र धुरकट येतं आणि दोष शोधताना धुरकट चित्र फसवतं. मॉड्युलेटरच्या (चित्राचा टीव्ही सिग्नल बनवणाऱ्या) डब्यात जाणाऱ्या दोन वायरी, +५ आणि व्हिडिओ, सोडवून टोकांना नळी चढवली. डब्यातला रेझिस्टर आरसीए सॉकेटच्या मधल्या पायापासून सोडवला. बोर्डावरच्या व्हिडिओच्या जागेपासून १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, धन बाजू बोर्डाकडे, आणि त्याचं दुसरं टोक सॉकेटच्या मधल्या पायाला. आता तिथून सरळ कॉम्पोझिट, म्हणजे थेट व्हिडिओ सिग्नल, मिळतं. छिद्र पाडलं नाही, काही कापलं नाही, अर्ध्या तासात मूळ स्थितीला नेता येईल.

रॉम सॉकेटातच होता, काढून प्रोग्रामरवर वाचला. १६,३८४ बाइट, पहिले आठ : २४३, १७५, १७, २५५, २५५, १९५, २०३, १७. अगदी हवेत तसे.

१९ जुलै

नवा टीआर४ बसवला, टीआर५ तपासून तोच ठेवला. आयसी८ चं सॉकेट अजून रिकामं. बेंच सप्लाय ९ व्होल्ट, १ अँपिअरची मर्यादा. तीन मीटर तीन लाइनींवर आधीच टांगलेले, हात स्विचवर.

+५ : ५.०२
+१२ : ११.९६
−५ : −४.९८

करंट ०.६८ अँपिअर. पाच सेकंदांत बंद. पुन्हा दहा सेकंद, मग एक मिनिट. टीआर४ कोमट, कॉइल गार. प्रोसेसरच्या पाय ६ वर ३.५ मेगाहर्ट्झची घड्याळलहर स्वच्छ, पाय १६ वर सेकंदाला ५० इंटरप्ट. ही ५० ची टिकटिक यूएलए, म्हणजे चित्र, कीबोर्ड आणि कॅसेट सांभाळणारी खास चिप, करते (चित्राच्या ३१२ ओळी, प्रत्येकी प्रोसेसरच्या घड्याळाचे २२४ ठोके), म्हणजे यूएलए जिवंत. या बोर्डावर खरी भीती तिचीच असते. तिचा मूळ आयसी आता बनत नाही.

बंद करून आयसी८ बसवला. पुन्हा चालू.

कडा पांढरी, मधला भाग काळा आणि त्यावर केसासारख्या बारीक उभ्या लाल रेघा. सेकंदभर. मग पडदा पांढरा आणि तळाला १९८२ ची सिंक्लेअर रीसर्चची कॉपीराइट ओळ.

त्या लाल रेघांकडे नीट बघा, ती रॅमची तपासणी आहे. चालू होताच रॉम ६५५३५ या पत्त्यापासून खाली १६३८४ पर्यंत प्रत्येक बाइटमध्ये २ हा आकडा भरतो. चित्राच्या बाइटमध्ये २ म्हणजे आठ ठिपक्यांतला एकच पेटलेला, म्हणून उभी रेघ. रंगाच्या बाइटमध्ये २ म्हणजे काळ्यावर लाल. मग तो खालून वर जात प्रत्येक बाइट दोनदा एकेक उणा करतो. पहिल्यांदा शून्य यायला नको, दुसऱ्यांदा यायलाच हवं. जिथं हे चुकतं तिथं रॉम थांबतो आणि त्याच्या खालीच रॅम संपली असं धरून चालतो. रेघा तुटक असल्या, मध्ये ठिपके दिसले किंवा रेघांऐवजी पट्टे आले, तर दोष खालच्या रॅममध्ये. १९८२ साली स्टीव्ह व्हिकर्स यांनी १६ केबीत बेसिक या प्रोग्रामिंग भाषेसकट बसवलेल्या या रॉमनं दुरुस्त करणाऱ्याच्या हातात फुकटचा टेस्टर दिला आहे.

९ ऑगस्ट

नवा पडदा आला. पट्ट्या खोचताना टोक चिमट्यानं नाही, दोन बोटांत सपाट धरून हळू सरळ आत. तिरकी गेली तर रेघेवरचा थर खरवडला जातो.

प्रत्येक बटण दाबून अक्षर बघण्यापेक्षा पाच बटणांची अर्धी रांग थेट वाचावी. ‘प्रिंट इन ६५०२२’ हे ए ते जी ची अर्धी रांग वाचतं. काही दाबलेलं नसताना या बोर्डावर १९१ येतो, ए दाबून धरला तर १९०. (इश्यू २ च्या बोर्डांवर मोकळ्या रांगेला २५५ येतो, तिथं गोंधळू नये.) आठ पत्ते : ६५२७८, ६५०२२, ६४५१०, ६३४८६, ६१४३८, ५७३४२, ४९१५०, ३२७६६. एका पत्त्यावर पाचही बटणं मेली असतील तर ८ रेघांच्या पट्टीतली एक रेघ गेली. आठही पत्त्यांवर एकेकच बटण मेलं असेल तर ५ रेघांच्या पट्टीतली. इथं सगळं ठीक.

१० ऑगस्ट

कॉपीराइटची ओळ आली म्हणजे ४८ केबी मिळालीच असं नाही. ‘प्रिंट पीक २३७३२+२५६*पीक २३७३३’ दिलं (पीक म्हणजे पत्त्यावरचा आकडा वाचणं, या दोन पत्त्यांत रॅमचा शेवटचा पत्ता असतो). यायला हवे ६५५३५. आले ३२७६७. रॉमची तपासणी ३२७६८ ला थांबली, म्हणजे वरची अख्खी ३२ केबी त्यानं सोडून दिली.

वरची रॅम आयसी१५ ते आयसी२२, इथं ४५३२ जातीची. ६४ किलोबिटच्या आयसीत एक अर्धा भाग सदोष निघाला की उरलेला चांगला अर्धा ३२ किलोबिट म्हणून विकायचे, त्यातून हे आयसी आले. वरचा अर्धा चांगला की खालचा, ते आयसीच्या नावाच्या शेवटच्या आकड्यावर असतं, आठही एकाच बाजूचे लागतात आणि बोर्डावर त्याप्रमाणे एक जोडतार असते. एक बदलताना उलट्या अर्ध्याचा घातला तर चांगला आयसीही सदोष भासतो.

‘पोक ३२७६८,०’ (त्या पत्त्यावर ० लिहिणं) आणि मग पीक : ६४. पुन्हा पीक : ०. पुन्हा : ६४. ४००००, ५०००० आणि ६५५३५ या पत्त्यांवरही तसंच. ६४ म्हणजे सहावा बिट, म्हणजे आयसी२१. इथंच आयसी बदलायला घेतला असता तर चुकलं असतं. आतून मेलेला आयसी दर वेळी तेच खोटं उत्तर देतो. उत्तर बदलत असेल, आणि आयसीजवळ बोट नेलं की बदलत असेल, तर ती लाइन अधांतरी आहे, कोणीच तिला धरलेलं नाही.

१० पट भिंगाखाली आयसी२१ चा पाय १४, म्हणजे डेटा बाहेर येण्याचा. चांदीचा मुलामा असलेला, दमट हवेत पूर्ण काळा पडलेला आणि खांद्याखाली जिथं अरुंद होतो तिथं केसभर चीर. नुसतं बघून सापडत नाही, पाय सुईनं हलकेच ढकलला तेव्हा काळ्या रेषेत फट उघडली. पाय खरवडून वर-खाली उघडा केला, फ्लक्स लावलं, ०.३ मिलिमीटरची तांब्याची तार चिरेवरून बसवून सोल्डर केली. बाकीचे १२७ पायही सुईनं तपासले. आयसी१८ चा पाय ३ तसाच काळा, पण शाबूत. तो पुसून घेतला.

आता ६५५३५.

२३ ऑगस्ट

कॅसेट. चार टेपांवर पांढरी बुरशी. त्या यंत्रात घालायच्या आधी सिलिका जेलच्या डब्यात दोन आठवडे सुकवल्या, मग बाहेर, तोंडाला मास्क लावून, टेप फिरवत कोरड्या मऊ कापडानं पुसल्या. ओल्या कापडानं चुंबकी थर सुटतो.

प्लेअरचं हेड, रबरी रोलर अल्कोहोलनं साफ. हेडचा कोन टेपेगणिक वेगळा, कारण प्रत्येक टेप वेगळ्या यंत्रावर भरलेली. हेडच्या बाजूचा लहान स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत आवाज सगळ्यात कडक, टोकदार येईल तिथं थांबायचं. सुरुवातीचा लांब सूर ८०७ हर्ट्झचा, तेव्हा कडेला लाल-आकाशी पट्टे. मग डेटा, निळे-पिवळे पट्टे. लाल-आकाशी पट्टे एकसारख्या रुंदीचे येत नसतील तर पुढे वाचण्यात अर्थ नाही, आधी कोन.

आधी संगणकावर ध्वनिमुद्रण, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो, डब्ल्यूएव्ही. एमपी३ कदापि नाही, तो लहरींच्या कडा गोल करतो आणि इथं शून्याचा स्पंद ८५५ ठोक्यांचा व एकचा १७१० ठोक्यांचा, सगळी माहिती त्या कडांच्या अंतरातच आहे. मग त्याच फाइलवरून स्पेक्ट्रममध्ये लोड, आवाज पूर्ण. फोनवरून वाजवताना स्टिरिओ पिन मोनोत नेणारी वायर हवी, नाहीतर दोन्ही बाजू एकमेकींना खातात.

११ पैकी ९ टेप पूर्ण वाचल्या. तीन विकत घेतलेले खेळ. सहांवर शाळेतच लिहिलेली बेसिकची कामं : पाढे, गुणपत्रिकेची बेरीज, नकाशावर जिल्ह्यांची नावं ओळखायचा एक खेळ. ती इतरत्र कुठं असण्याची शक्यता नाही. यंत्राइतकीच, खरं तर जास्त, मोलाची. दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर, एक शाळेला.

उरलेल्या दोन टेपांवर ‘आर टेप लोडिंग एरर’ एकाच जागी येतो. शेवटचा बाइट आधीच्या सगळ्या बाइटांशी ताडून बघितला जातो, त्यामुळे एक बिट चुकला तरी अख्खा खंड नाकारला जातो. लहर उघडून बघितली : दोन्हीकडे सुमारे १५ मिलिसेकंद आवाजच नाही, टेप चुरगळलेली. २० बिटांच्या आसपास, म्हणजे दोन-तीन बाइट गेले. बेसिकच्या ओळींचे क्रमांक आणि लांबी यांवरून मागच्या-पुढच्या ओळी सोडवून घेता येतील, ते काम वेगळं चालू ठेवलं आहे.

३० ऑगस्ट

सलग आठ तास चालवला, खोलीत २७ अंश. ७८०५ ची (९ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा रेग्युलेटर) पट्टी ६१ अंश, यूएलए ५४, टीआर४ ४१. ७८०५ च्या जागी आजकाल स्विचिंग मॉड्यूल घालतात, गरम होत नाही हे खरं. इथं ७८०५ च ठेवला, जुनी वाळलेली पेस्ट काढून नवी लावली. मूळ अनियमित अडॅप्टरवर त्याला जवळजवळ दुप्पट उष्णता झेलावी लागायची, स्थिर ९ व्होल्टवर ती अडचण उरत नाही. यूएलएवर १४ मिलिमीटरची चिकटपट्टीची हीटसिंक बसवली, निघते.

१३ सप्टेंबर

पेटी बंद केली. आत झाकणाला कागद चिकटवला : अडॅप्टर आत ऋण, ९ व्होल्ट स्थिर. मागच्या जोडणीत चालू असताना काही खोचायचं किंवा काढायचं नाही, पट्टी किंचित तिरकी झाली की शेजारच्या लाइनी टेकतात आणि टीआर४ पुन्हा जातो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, तासभर चालवून −५ मोजायचा. तो −४.७ च्या अलीकडे आला तर वापर थांबवायचा. मोजायची जागा, आयसी८ चा पाय १, कागदावर बाण काढून दाखवली आहे.

पाकिटात : मूळ अडॅप्टर, टीआर४, आयसी८, सर्व जुने कपॅसिटर, फाटका पडदा, मॉड्युलेटरच्या जोडणीचा आराखडा, तपासलेले सात सुटे ४११६.